सांभाळून घ्या

प्रिसेप्टर या शब्दाचा आमच्या ह्यांनी पहिल्याच दिवशी मुकादम करून टाकला.

मी ड्यूटीवरून आले होते. चपला काढता काढताच सांगितलं की हॉस्पिटलात नवीन कोर्स निघालाय, माझी निवड झालीय, पास झाले तर सर्टिफिकेट आणि छातीवर लावायचा बिल्ला. हे दुबईतच रास अल खोरला एका गोडाऊनमध्ये स्टोअरकीपर होते. ओट्यापाशी भेंडी परतत उभे होते. म्हणाले, "करायचं काय असतं त्यात?"

"नवीन आलेली नर्स आपल्याबरोबर ड्यूटीवर घ्यायची. काम शिकवायचं. ती एकटीने पेशंट बघायला लायक झाली का, ते लिहून द्यायचं."

"म्हणजे मुकादम."

"मुकादम काय! शिक्षिका म्हणा."

"शिक्षिका वर्गात असते. कामावर उभं राहून शिकवतो आणि वर रिपोर्ट देतो तो मुकादमच."

मुलगी तेव्हा दुसरी-तिसरीत असेल. टीव्हीवरची नजर न काढता तिने विचारलं, "मम्मी, विल यू शाउट ॲट देम?" त्यावर बापलेक जे हसत सुटले ते भेंडी करपेपर्यंत.

एरवी मीही हसले असते, पण त्या दिवशी झोंबलं. मी कऱ्हाडकडची. मिरजेला नर्सिंग केलं, नव्वदीच्या सुरुवातीला दुबईत आले आणि तेव्हापासून करामातल्या त्याच दोन खोल्यांत राहून त्याच हॉस्पिटलच्या पुरुषांच्या वॉर्डात राबत होते. माझ्यामागून आलेल्या मुली कोणी लंडनला गेल्या, कोणी इन्चार्ज झाल्या. माझं इंग्रजी बेताचं आणि तोंड फटकळ. वरच्यांना 'यस मॅडम' म्हणताना कपाळाला आठी पडायची, ती त्यांना दिसायची. तो बिल्ला मला हवा होता. लहान पोराला फुगा हवा असतो तसा हवा होता, आता सांगायला लाज कसली.

शिकवायला आयर्लंडची एक बाई होती. पांढरे केस, उन्हाने सोललेलं नाक, आवाज मऊ. वर्गात केरळच्या मुली, फिलिपिन्सच्या, एक सुदानी, आणि मराठी मी एकटी. पहिल्याच दिवशी तिने प्रत्येकीला विचारलं, तुमच्या भाषेत प्रिसेप्टरला काय म्हणाल? कोणी गुरू म्हणालं, कोणी मोठी बहीण. माझी पाळी आली तेव्हा मुकादम काही सांगता येईना. मी म्हटलं, सांभाळून घेणारी. बाईने अर्थ विचारला. मी सांगितलं, काळजी घेणारी. तिने ते फळ्यावर लिहिलं आणि फार छान शब्द आहे म्हणाली.

मी अर्धाच अर्थ सांगितला होता. सांभाळून घेणं म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगायला नको. सून नवी आहे, सांभाळून घ्या. आमटी खारट झालीय, सांभाळून घ्या. काळजी घ्या आणि काणाडोळा करा, दोन्ही आपण एकाच शब्दात मागतो. मागणाऱ्याला त्यातलं नेमकं काय हवंय ते ऐकणाऱ्याने ओळखायचं. हे त्या बाईला इंग्रजीत सांगायला मला सात जन्म लागले असते.

लेखी परीक्षेत एक प्रश्न होता. तुमच्या हाताखालची नर्स मेहनती आहे, पेशंटची लाडकी आहे, पण एकच धोक्याची चूक पुन्हा पुन्हा करते, तर काय कराल? मी झटपट लिहिलं, जे पाहिलं ते जसंच्या तसं कळवीन, पेशंटचा जीव आधी. पैकीच्या पैकी मार्क पडले. कागदावर लिहायला काय जातंय?

खरं काम परीक्षेनंतरचं. एक नवीन मुलगी हाताखाली घ्यायची, तिचं प्रोबेशन संपेपर्यंत शिकवायची आणि शेवटी तिच्याबद्दल लिहून द्यायचं. ती राहणार की परत जाणार, ते त्यावरून ऑफिस ठरवणार. आणि मी खरं लिहिलंय की उगीच गोड, ते पाहून आयरिश बाई मला बिल्ला देणार.

माझ्या वाट्याला आली ती रायगडच्या किनाऱ्याकडची, कोकणी मुसलमानांतली एक पोरगी. सडपातळ, पांढरी ओढणी डोक्याला घट्ट गुंडाळलेली, बोलणं आमच्यासारखंच मराठी पण हेल समुद्राकडचा. पहिल्या दिवशी मामा पोहोचवायला आला होता. त्याचं इथेच दुबईत देरा भागात किराणा दुकान. मी मराठी बोलतेय म्हटल्यावर त्या माणसाचा जीव भांड्यात पडला.

"सिस्टर, आमच्या गावातून गल्फला आजवर पुरुषच आले," तो म्हणाला. "नोकरीसाठी आलेली ही पहिली पोर. गाव नावं ठेवतंय. हिच्या पाठची एक आहे, तिलाही नर्सच व्हायचंय. ही इथे टिकली तर तिला पाठवणार. नाही तर हिचा बाप म्हणतो, एकीचं कौतुक झालं तेवढं पुरे. सांभाळून घ्या."

मी म्हटलं, "काळजी करू नका. माझी समजून सांभाळते."

पोरगी मला मॅडम म्हणायला लागली. मी म्हटलं, मॅडम-बिडम मला सोसत नाही, ताई म्हण. आणि मी तिला पोरी म्हणायला लागले. पोरी, ओढणी नीट खोच. पोरी, जेवलीस का? पोरी, डोळे कुठे आहेत तुझे? दिवसभर माझा तोंडाचा पट्टा चालू आणि तिचं 'हो ताई' चालू.

तिचा हात इतका हलका की सलाईनची सुई गेलेली पेशंटला कळायची नाही. आणि तोंडात साखर. वॉर्डात शिरली की सलाम चाचा, कैसे हो मामू. सातारा-सांगलीकडचा एखादा साइटवरचा माणूस असला की, काय काका, आज भाकरीची आठवण आली का? सगळा वॉर्ड तिचं गणगोत. महिनोन्महिने पडून असलेला एक पठाण म्हातारा कोणाच्या हातच्या अन्नाला शिवायचा नाही, हिने चमचा पुढे केला की निमूट तोंड उघडायचा. मी दारात उभी राहून बघायचे. इतकी वर्षं त्या वॉर्डात काढली, पण जाताना डोक्यावर हात ठेवून दुआ द्यावी असं माझ्या बाबतीत कोणाला वाटलं नव्हतं.

आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खात होतं.

औषध देण्याआधी पेशंटला त्याचं नाव विचारायचं आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघायचं, हा नर्सिंगचा पहिला नियम. दर वेळी, दर गोळीला, मग समोर तुमचा सख्खा बाप का असेना. पोरगी विचारायची नाही. चाचा, दवा, असं म्हणून गोळी हातावर ठेवायची.

"अगं, नाव कुठे विचारलंस?"

"ताई, सकाळपासून त्यांना चाचा चाचा करतेय. आता नाव विचारलं तर म्हणतील, या पोरीला मी माहीतच नाही."

"म्हणू देत. तू विचार."

"वडीलधाऱ्याला असं तोंडावर नाव विचारायचं, ताई? कसंतरीच वाटतं."

तिचं म्हणणं मला कळत होतं, हीच तर पंचाईत. आपल्याकडे मोठ्या माणसाला गाव विचारतात, कुणाचे कोण ते विचारतात. माझ्या आईने बाबांचं नाव घेतलं असेल ते उखाण्यात तेवढं. मी एवढी शिकलेली, परदेशात नोकरी करणारी बाई, पण नवऱ्याला अजून 'अहो' आणि 'हे'. केरळच्या मुली हसायच्या मला. पण चाचा नावाचा पेशंट कुठल्या चार्टवर नसतो, आणि वॉर्डात एका वेळी दहा चाचा असतात.

मी तिला चांगलीच झापली. दुसऱ्या दिवसापासून ती विचारायला लागली, पण कसं? चार्टवरचं नाव स्वतःच वाचायची आणि म्हणायची, "चाचा, ये आपही हो ना?" चाचा मान डोलवायचा. मी कपाळावर हात मारून घेतला.

"पोरी, आपल्या माणसाला 'तू हत्ती आहेस ना' असं विचारलंस तरी तो अदबीने मान डोलावेल. नाव त्याच्या तोंडून यायला हवं."

ती खुदकन हसली, मग मीही हसले. पण तोच प्रकार आयरिश बाईने मागे उभं राहून स्वतः पाहिला होता. पोरीचं प्रोबेशन तिने वाढवून दिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, अशी मुदत एकदाच मिळते, हिला नाव विचारायला शिकव, बाकी सगळं हिला येतं.

मग सुट्टीच्या दिवशी मी तिला घरी बोलवायला लागले. सोफ्यावर पेशंट म्हणून आमचे हे आडवे व्हायचे. पोरगी ताटलीत औषध म्हणून बडीशेप घेऊन यायची.

"काका, तुमचं पूर्ण नाव सांगा."

हे कण्हत म्हणाले, "आठवत नाही हो सिस्टर. आमच्या हिला विचारा."

पोरगी गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे वळली. "ताई, पेशंटचं नाव काय?"

आणि मला ते तोंडातून निघेना! जिभेवर आलं आणि तिथेच बसलं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मुलगी ओरडायला लागली, "मम्मी, जस्ट से इट!" हे डोळे मिटून पडलेले, पण पोट हलत होतं. पोरगी तर खालीच बसली हसून हसून. "ताई, तुम्ही पण!" मी लाटणं उगारलं तेव्हा कुठे पेशंट उठून बसला.

त्या दिवशी तिच्या मामाने पाठवलेल्या सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची, खिचडी केली होती. माझ्या मुलीला वासाने नको झाली होती, पण हिने मांडीवर घेऊन भरवली तर मुकाट्याने खाल्ली. जाताना पोरगी म्हणाली, "ताई, तुमच्याकडे आलं की घरी गेल्यासारखं वाटतं." मला भरून आलं. मनात म्हटलं, टिकणार ही. माझी आहे, टिकणारच.

आणि खरंच, काही दिवस ती विचारायला लागली. लाजून, खाली बघून, पण विचारायची. चाचा, आपका नाम बताइये. मी मागून ऐकायचे आणि मान डोलवायचे.

मुदतीच्या शेवटाला औषधं तिने एकटीने द्यायची आणि मी फक्त मागून बघायचं, असं ठरलेलं होतं. संध्याकाळची वेळ. कोपऱ्यातल्या खोलीत दोन म्हातारे होते, दोघे पांढऱ्या दाढीचे, दोघे तिचे चाचा. खिडकीजवळच्याला डायबेटिस, त्याला रात्रीच्या जेवणाआधी इन्सुलिन. दाराजवळचा उलट्या होऊन आलेला, सकाळपासून पोटात घोटभर पाण्याशिवाय काही टिकलेलं नव्हतं. इन्सुलिन आम्ही दोघींनी ट्रॉलीपाशी तपासून घेतलं. औषध बरोबर, डोस बरोबर. ती पुढे झाली, मी मागे.

आम्हाला दोघींना माहीत नव्हतं ते एवढंच. मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाची वेळ झाली तेव्हा दाराजवळचा म्हातारा खिडकीवाल्याला म्हणाला होता की तुमच्या कॉटवर बसलं की तोंड सरळ किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला होतं, नमाजापुरती जागा द्याल का? खिडकीवाला म्हणाला, बिस्मिल्ला, खुशाल बसा. दोघे आपापल्या उशा काखेत मारून अदलाबदल करून मोकळे. नमाज बसूनच झाला होता. आता खिडकीपाशी जो बसला होता त्याची आमच्याकडे पाठ, डोक्यावर टोपी, खांद्यावर शाल, हातात जपमाळ, ओठ हलताहेत. डायबेटिसवाला इकडे दाराजवळ पांघरूण डोक्यावर घेऊन झोपलेला.

पोरगी हळूच कॉटच्या कडेला गेली. "चाचा, सुई," एवढंच म्हणाली, तेही कुजबुजत. म्हाताऱ्याने मान वळवली नाही, जप थांबवला नाही, नुसती बाही वर सरकवली. या मुलीच्या हातात कशाची सुई आहे, असं त्याने विचारलंसुद्धा नाही. तिने दंड पुसला. मी खोलीच्या दारातून आत कॉटपाशी आले आणि बाही वर सरकवलेल्या त्या हाताच्या मनगटावरची पट्टी बघितली. नाव दुसऱ्याच चाचाचं होतं.

"थांब!"

इतक्या जोरात ओरडले की पलीकडच्या खोलीतून लोक आले. सुई कातडीला टेकायचीच राहिली होती.

तो डोस उपाशीपोटी त्या म्हाताऱ्याच्या अंगात गेला असता तर रक्तातली साखर उतरून काय झालं असतं, ते मी पाहिलेलं आहे. इथे लिहीत नाही. मी तिच्या हातातून सिरिंज घेतली, डायबेटिसवाल्याला उठवलं, नाव त्याच्या तोंडून वदवून घेतलं आणि इन्सुलिन दिलं. खिडकीजवळच्या म्हाताऱ्याचा जप संपला होता. त्याला काय झालं ते अर्धवट कळलं. मलाच म्हणाला, "बच्ची को मत डाँटो बेटी. कुछ हुआ नहीं. खलास."

ती चादरींच्या खोलीत जाऊन उभी होती. मी विचारलं, "का नाही विचारलंस? का?"

"ताई, ते तस्बी ओढत होते. अल्लाचं नाव घेणाऱ्या माणसाला मधेच थांबवून त्याचं नाव कसं विचारू?"

माझ्या देवघरापुढे माझी आई जप करत बसली असती तर मीही विचारलं नसतं.

"ताई, या वेळेला सांभाळून घ्या. फक्त या वेळेला. धाकटीचा फॉर्म भरायचाय या उन्हाळ्यात."

कोणाला कळलं नव्हतं. लोकांनी माझं ओरडणं ऐकलं होतं, पण मी ओरडतच असते. मी नुसतं तोंड बंद ठेवलं की झालं.

घरी सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "टोचली नाही ना सुई? मग झालं तर. पोरगी धडा शिकली असेल जन्माचा. तुला बिल्ला हवाय म्हणून तिचं वाटोळं करू नकोस."

"बिल्ला गेला चुलीत!" मी एवढी चिडले की हातातला पेला आपटला. "उद्यापासून मी नसणार तिच्या मागे. ती एकटी असणार आणि समोर पुन्हा कोणी जप करत बसलेला असणार. तेव्हा थांब कोण म्हणणार? तुम्ही?"

ह्यांनी आपटलेला पेला उचलून ओट्यावर ठेवला. म्हणाले, "मग मला कशाला विचारतेस?" खरंच, कशाला विचारत होते? कोणीतरी माझ्या हातातून ते काम काढून घ्यावं असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मामा घरी आला. पिशवीत आंबे होते, रत्नागिरीचे, नुकतेच विमानाने आलेले. त्याला काही माहीत नव्हतं. "पोर जेवत नाही, सिस्टर. काय झालं विचारलं तर बोलत नाही. एवढंच म्हणते, ताई बघतील." मी त्याला चहा दिला. तो जाईपर्यंत मी नीट चेहरा ठेवला आणि दार लावल्यावर तिथेच भिंतीला टेकून रडले. मुलगी विचारत राहिली, "व्हाय आर यू क्रायिंग, मम्मी?" मी पिशवीतला एक आंबा काढून तिच्या हातात दिला.

मग मी लिहिलं. वर तिचं पूर्ण नाव लिहायचं होतं. स्पेलिंग बघायला फाइल उघडावी लागली. खाली जे पाहिलं ते लिहिलं, हलक्या हातापासून पठाणाच्या चमच्यापर्यंत, आणि मग ती बाही, ती सुई, ते न विचारलेलं नाव. शेवटी माझ्या मोडक्या इंग्रजीत हात जोडल्यासारखं लिहिलं की हिला आणखी मुदत द्या, शिकवायला मी आहे. आयरिश बाईने शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाली, तू तिला नापास करत नाहीयेस, तू पाहिलेलं सांगते आहेस. मुदतीसाठी तीही ऑफिसात जाऊन भांडली, हे मला नंतर कळलं. ऑफिस म्हणालं, एकदा दिली, आता नाही. कॉन्ट्रॅक्ट कॅन्सल.

माझं सर्टिफिकेट त्याच आठवड्यात झालं. टाळ्या झाल्या, फोटो झाला, आयरिश बाईने माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं की सर्वांत अवघड परीक्षा तू दिलीस. मला तो हात झटकून टाकावासा वाटला. घरी ह्यांनी जिलबी आणून ठेवली होती. मुकादम म्हणाले नाहीत. म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. मुलीने बिल्ल्यावरचा शब्द मोठ्याने वाचला, 'कूल' म्हणाली आणि विचारलं, "व्हेन इज दीदी कमिंग?"

धाकटीचा फॉर्म काही भरला गेला नाही. त्याच वर्षी तिचं लग्न उरकलं. हे मला मामाकडूनच कळलं, करामाच्या मासळीबाजारात. तो वळून दुसरीकडे गेला असता तर मी समजू शकले असते. पण थांबला, सलाम सिस्टर म्हणाला, आणि दुकानदाराला माझ्यासाठी चांगला पापलेट निवडून द्यायला लावला. मी तो घरी आणला आणि मला खाववला नाही.

पुढे तिकडे मरीनाचे टॉवर उभे राहिले, आमचं हॉस्पिटल वाढलं, केवढ्या तरी मुली माझ्या हाताखालून गेल्या. त्या मला कडक म्हणतात. पहिल्या दिवशी मी त्यांना त्यांचं पूर्ण नाव विचारते आणि त्याच नावाने शेवटपर्यंत हाक मारते. पोरी मी नंतर कोणालाच म्हटलं नाही.

त्याला कारण तिचा शेवटचा दिवस. युनिफॉर्म परत करायला ती वॉर्डात आली होती, साध्या सलवार-कमीजमध्ये. प्रत्येक कॉटपाशी गेली. पठाण म्हाताऱ्याने तिचा हात धरला आणि सोडेना. त्याला वाटलं, सुट्टीवर चाललीय. तिनेही तसंच सांगितलं. मी पाठमोरी होऊन ट्रॉली पुसत राहिले. पुसून पुसून ट्रॉली चमकायला लागली.

लिफ्टपर्यंत मी गेले. म्हटलं, "माझा राग आला असेल."

"नाही ताई," ती म्हणाली. "तुम्ही बरोबर लिहिलंत. मी वाचलं. ऑफिसात सही करायला दिलं तेव्हा."

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक सांगू? पहिल्या दिवसापासून तुम्ही मला नावाने कधी हाक मारली नाहीत. पोरी म्हणायचात, मला आवडायचं. त्या कागदावर पहिल्यांदाच माझं नाव घेतलंत तुम्ही. पूर्ण. बापाच्या नावासकट."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी उलट काहीतरी बोलले असते, तेवढी जीभ माझ्याकडे आहे. तिने फक्त सांगितलं. लिफ्ट आली. ती आत गेली, वळली आणि म्हणाली, "येते, ताई."

तिचं नाव माझ्या जिभेवर होतं. त्या कागदावर लिहिलं होतं ते, स्पेलिंगसकट पाठ झालेलं. मी हाक मारायला तोंड उघडलं, आणि दार बंद होता होता माझ्या तोंडून बाहेर पडलं ते एवढंच, "पोरी, सांभाळून जा."